शिल्पकार कै. नानासाहेब करमरकर : ओतीव धातूला कळा आणणारा कलावंत

गावाच्या मंदिराचा जीर्णोद्धार हे एका माणसाचे काम नसते. त्यात पाथरवटाची छिन्नी असते, गवंड्याचा ओळंबा असतो, सुताराचा रंधा असतो आणि ज्याने आपल्या घामाच्या पैशातून वर्गणी दिली त्या दात्याची श्रद्धाही असते. काम पूर्ण झाल्यावर कळस लोकांना दिसतो, परंतु कळस घासून पुसून उजळणारा हात कोणाला दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या हातांची आठवण जीर्णोद्धाराच्या शुभप्रसंगी करणे अगत्याचे आहे. म्हणून ज्या थोर महाराष्ट्रीय शिल्पकाराने ओतीव धातूच्या मूर्तिकामात आपल्या देशाचे नाव वर काढले, त्या कै. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांच्या जीवनाचा अल्प परिचय येथे करून देण्यात येत आहे.

दानधर्म व कलाकुसर यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. आपल्या तालुक्याचे ठिकाण असलेले भोकरदन हे प्राचीन काळी भोगवर्धन या नावाने प्रसिद्ध होते. मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपासाठी भोगवर्धनच्या रहिवाशांनी दान दिल्याचे उल्लेख तेथील दगडांवर दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहेत. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंतावर कोरलेली सुबक मूर्ती सापडली. इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य पाहून जगातील विद्वानांचे लक्ष या गावाकडे वळले. तेव्हा हसनाबादच्या मातीपासून कला दूर आहे असे कोणी समजू नये.

बालपण व देवळाची भिंत

नानासाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या सासवणे या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. वडील गणपतीच्या मूर्ती करीत असत. श्रावण लागला की घरात मातीचे गोळे, रंगांच्या वाट्या आणि अर्ध्या घडलेल्या गणेशमूर्ती यांची दाटी होई. बाळ विनायकाचे पहिले धडे पाटीवर नव्हे तर या मातीत झाले. सोंडेचा बाक कसा धरावा, डोळ्याची रेघ कोठे थांबवावी, ओली माती किती दाबावी हे त्याच्या बोटांना फार लवकर समजले. मूर्ती घडविणे व मूर्ती रंगविणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे बिघडले तर पहिले वाया जाते, हेही त्या घरात रोज डोळ्यांसमोर घडत होते.

या मुलाला चित्रे काढण्याचा नाद होता. कागद मिळणे कठीण, म्हणून कोळशाने भिंतीच रंगत. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने शिवछत्रपतींचे चित्र काढले होते. कुलाब्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड हे फिरतीवर असताना ते चित्र त्यांच्या नजरेस पडले. साहेब रसिक होते. त्यांनी चित्र काढणाऱ्या मुलाचा शोध घेतला आणि त्यास मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठविण्याची व्यवस्था केली. देवळाच्या भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढल्या म्हणून एखाद्या पुजाऱ्याने त्या मुलाचा कान धरला असता तर त्यातही काही वावगे नव्हते. परंतु एका अधिकाऱ्याने ते चित्र थांबून पाहिले आणि एका खेड्यातील गरीब मुलाचे आयुष्य बदलले. सरकारी फिरतीचा असाही उपयोग होतो, ही गोष्ट सर्व अधिकारी मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षण, कलकत्ता व विलायत

जे. जे. स्कूलमध्ये विनायकरावांनी शिल्पकलेचा अभ्यास मन लावून पूर्ण केला व मानाचे मेयो पदक संपादन केले. त्यानंतर रवींद्रनाथ टागोर यांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले. तेथे स्वतःचा स्टुडिओ उघडून व्यक्तिशिल्पांची कामे करू लागले. कोकणातील एका खेड्यातील तरुण, परका मुलुख, परकी भाषा, अशा स्थितीत केवळ हाताच्या कसबावर त्यांनी तेथे आपले नाव केले.

१९२० साली ते विलायतेस गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी पुढील शिक्षण घेतले. परंतु त्यांच्या विलायतेच्या वास्तव्यातील अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे तेथील ओतकामाच्या कारखान्यांत जाऊन त्यांनी धातूच्या पुतळ्याचे सर्व काम समजून घेतले. त्या काळी आपल्याकडील बहुतेक शिल्पकार मातीचा किंवा प्लास्टरचा नमुना तयार करीत, आणि मोठा धातूचा पुतळा हवा असेल तर ओतकामासाठी विलायतेवर अवलंबून राहावे लागे. मुंबईचा सुप्रसिद्ध काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा युवराज असतानाचा अश्वारूढ पुतळा, हा १८७९ साली तेथूनच तयार होऊन आला होता. तो घडविणारा शिल्पकार बोहम हाही विलायतेतलाच. म्हणजे पुतळा आपल्या शहरात, आणि त्याचे सारे कसब परक्यांच्या हाती. ही उणीव करमरकरांनी ओळखली व ती भरून काढण्याची विद्या शिकूनच ते मायदेशी परतले.

ओतकाम झाले म्हणजे पुतळा झाला असे नाही

करमरकरांच्या कामाचे मोल नीट समजण्यासाठी ब्राँझ म्हणजे काय व त्यावर कोणते संस्कार होतात हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

ब्राँझ म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्र धातू. आपल्या घरातील काशाची वाटी व देवळातील घंटा ही याच कुळातील. घंटेत कथलाचे प्रमाण जास्त, साधारण पाचवा हिस्सा असते. म्हणून तिचा नाद खणखणीत, पण ती ठिसूळ. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये शंभर भागांत ८५ ते ९० भाग तांबे असते, उरलेल्यात कथील व थोडे जस्त. त्यामुळे तो चिवट असतो व छिन्नीला वश होतो. लोखंड वितळण्यास १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. ब्राँझ हजार अंशांच्या आसपास वितळते आणि थोडे अधिक तापवून साच्यात ओततात. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत काम केलेल्या आपल्या भागातील मजुरांना वितळलेल्या धातूचा तो पांढराफेक लोट व त्याची धग निराळी सांगावयास नको.

पुतळा भरीव नसतो. बाहेर साचा, आत मातीचा गाभा, आणि या दोहोंच्या मधल्या बोटभरही नसलेल्या पोकळीत रस उतरतो. गाभा जागचा हलू नये म्हणून आरपार खिळे ठोकलेले असतात. रस आत जाण्यासाठी पाट आणि आतील हवा बाहेर पडण्यासाठी नळ्या ठेवाव्या लागतात. रसाची धार मध्येच तुटली तर पहिला थर निवतो, दुसरा त्याला जुळत नाही आणि तेथे कायमची फट राहते.

साचा फोडल्यावर जे बाहेर येते ते पाहून नवखा मनुष्य निराश होईल. सारा पुतळा काळाकुट्ट व जळकट दिसतो. अंगाला फांद्या फुटाव्यात तसे पाट व नळ्या यांचे धातूचे दांडे चिकटलेले असतात. साच्याच्या सांध्यांतून रस पाझरून पातळ पापुद्रे उभे राहिलेले असतात. कोठे हवेचा बुडबुडा अडकून भोक पडलेले असते. येथून पुढचे काम ओताऱ्याच्या भट्टीचे नाही, ते धीराचे आहे.

प्रथम करवतीने सर्व दांडे कापून काढतात. मग पोटातील मातीचा गाभा खरवडून बाहेर काढावयाचा. ही माती आत राहिली तर ती ओल धरते व पुढे आतूनच धातू खाते. गाभ्याचे लोखंडी खिळेही एकूण एक उपसावे लागतात. लोखंड गंजते, गंजले की फुगते आणि फुगले की भोवतालचा धातू तडकतो, शिवाय बाहेर तांबडे ओघळ येतात. खिळे काढल्यावर जी भोके राहतात त्यांना आटे पाडून त्याच ब्राँझच्या खुंट्या पिळून बसवितात व वरून ठोकून एकजीव करतात. बुडबुड्यांची भोकेही अशीच बुजवितात. खुंटी दुसऱ्या मिश्रणाची असली तर त्या वेळी ती खपून जाते, परंतु काही वर्षांनी तिचा रंग निराळा पडतो आणि लपविलेले ठिगळ उघडे होते.

त्यानंतर छिन्नी, कानस व बारीक पोलादी टाचे यांनी सर्व पृष्ठभाग पुन्हा जुळवून घ्यावयाचा. ज्या ठिकाणी दांडा कापला तेथे केसांची रेघ पुन्हा उठवावी लागते. जेथे खुंटी बसविली तेथे कापडाची वीण पुन्हा काढावी लागते. या कामात मोठी मेख आहे. कारागिराने हौसेने सगळीकडे कानस फिरविली तर पुतळा गुळगुळीत होतो खरा, पण शिल्पकाराच्या बोटांनी मातीत ठेवलेला जिवंतपणा निघून जातो. गाल सपाट होतात, पापणीची कड बोथट होते आणि चेहरा कोणाचाही होऊन बसतो. म्हणून कोठे घासावे याइतकेच कोठे हात लावू नये हे कळणारा कारागीर खरा. मातीपासून भट्टीपर्यंत सर्व जाणणारा शिल्पकार स्वतः उभा असेल तर ही चूक टळते. करमरकरांनी विलायतेत कारखान्याची पायरी झिजविली ती यासाठीच उपयोगी पडली.

पुण्याचा अश्वारूढ पुतळा

कोल्हापूरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज व ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने पुण्यात श्रीशिवछत्रपतींचे स्मारक उभारण्याचे ठरले. १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पुण्यात स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. परंतु पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचे देहावसान झाले. १९२५ साली माधवराव शिंदेही निवर्तले. दोन्ही आधारस्तंभ गेल्यावर एखादे कार्य बंद पडले असते तर नवल नव्हते. शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांनी व अन्य मंडळींनी ते तडीस नेले. गावोगावी ज्यांनी अर्ध्यावर राहिलेल्या देवळांची कामे पुढे रेटली आहेत त्यांना या चिकाटीचे मोल कळेल.

या स्मारकाच्या पुतळ्याचे काम करमरकरांनी केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. पुतळा साडेतेरा फूट उंच आणि सुमारे आठ टन वजनाचा. चालत्या घोड्यावर महाराज बसलेले आहेत, घोड्याच्या मानेत ताण आहे आणि स्वाराच्या बैठकीत निश्चय आहे. अश्वारूढ पुतळ्यात सर्व भार घोड्याच्या बारीक पायांवर येतो. मातीत जे सहज उभे राहते ते धातूत उभे राहीलच असे नाही. त्यातून एवढा मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनी न करता एकसंध ओतावयाचा, तोही विलायतेत नव्हे तर मुंबईस माझगाव गोदीत, हे त्या काळी धाडसच होते. एकसंध ओतकामात सांध्यांची कटकट नसते, परंतु चुकले तर सारेच चुकते. सगळी मेहनत, सगळा धातू आणि शब्द दिलेल्या शिल्पकाराची अब्रू, सर्व काही त्या एका ओतण्यावर टांगलेले होते.

ओतकाम यशस्वी झाले. पुतळा रेल्वेने पुण्यास आणण्यात आला. खंडाळ्याच्या घाटातील बोगदे ध्यानात घेतले म्हणजे एवढे धूड सुखरूप नेणे हेही सोपे काम नव्हते याची कल्पना येईल. १६ जून १९२८ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुढे त्याच आवारात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले. लहानपणी देवळाच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या शिवछत्रपतींना त्या मुलाने अखेर ब्राँझमध्ये उभे केले. ऊन, पाऊस व शहराचा धूर सोशीत तो पुतळा शंभरीच्या उंबरठ्यावर आला आहे.

२०२३ च्या डिसेंबरात मालवणच्या राजकोट किल्ल्यावर उभारलेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे झाले नसताना, कोसळला. त्या वेळी गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा महाराष्ट्रभर झाली व प्रत्येक मराठी मनाला वेदना झाल्या. ज्या गोष्टी झाकलेल्या असतात त्याच शेवटी पुतळ्याला तारतात किंवा मारतात, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

धातूचा रंग

पुष्कळांचा असा समज असतो की पुतळ्याला तपकिरी किंवा हिरवट काळा रंग ब्रशने फासलेला असतो. तसे नाही. घासून स्वच्छ केलेले नवे ब्राँझ पिवळसर गुलाबी व झगझगीत दिसते. ते उन्हात उभे केले तर डोळे दिपतात आणि चेहऱ्याची ठेवण दिसतच नाही. म्हणून धातूच्या अंगातूनच रंग उठवावा लागतो. आपल्याकडे त्याला राप चढणे हा सुंदर शब्द आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर जसा राप चढतो तसाच हवापाण्याने धातूवर चढतो. तो आपोआप चढण्यास अनेक वर्षे लागतात आणि वाटेल तसा डाग डाग चढतो. कारागीर तोच राप काही तासांत व आपल्या मर्जीप्रमाणे आणतो.

त्याची रीत अशी. पुतळ्यावर तेलाचा किंवा हाताच्या घामाचा अंशही राहू नये म्हणून तो नीट धुऊन घेतात. मग एक एक भाग ब्लो लॅम्पच्या ज्योतीने तापवितात. पाण्याचा थेंब टाकताच चर्र होऊन उडून गेला म्हणजे धातू योग्य तापला असे समजावे. त्यावर ब्रशाने औषधी पाण्याचा अगदी पातळ हात देतात. गंधक व पोटॅश यांच्या पाण्याने तपकिरीपासून काळ्यापर्यंत छटा येते. लोखंड नायट्रिक तेजाबात विरघळवून केलेल्या क्षाराने तांबूस तपकिरी रंग येतो. तांब्याच्या तशाच क्षाराने हिरवी निळी झाक येते. गंधक पिकावर धुरळणाऱ्या आणि मोरचूद व चुन्याची फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला ही द्रव्ये अगदीच परकी वाटू नयेत. मोरचूद हा तांब्याचाच क्षार आहे व त्याची निळाई सर्वांनी पाहिलेली आहे.

एकाच जाड हाताने हे काम होत नाही. जाड थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. एक हात, मग ज्योत, मग दुसरा हात, पुन्हा ज्योत, असे अनेक वेळा करावे लागते. धातू कमी तापला तर रंग धरत नाही, जास्त तापला तर करपतो. या कामात वाफाही विषारी निघतात, म्हणून ते मोकळ्या हवेत व जाणत्याच्या देखरेखीखाली करावयाचे असते. मनासारखी छटा आली की पुतळा धुऊन, पुन्हा किंचित कोमट करून त्यावर मधमाश्यांचे मेण चढवितात. उबेने मेण बारीक छिद्रांत उतरते. निवल्यावर मऊ फडक्याने घासले म्हणजे खोल, शांत अशी चमक येते व पावसाचे पाणी अंगाला लागत नाही.

यातही कलावंताची नजर लागते. नाकाचा शेंडा, गुडघा, घोड्याच्या मानेची शीर, मुठीची हाडे असे उंच भाग हलके घासून थोडे उजळ ठेवतात. डोळ्यांची खोबण, वस्त्राच्या चुण्या, आयाळीच्या मधल्या जागा गडद ठेवतात. त्यामुळे ढगाळ दिवशी आणि दूर अंतरावरूनही शिल्पाचा उठाव कळतो. सासवण्याच्या घरात गणपतीच्या डोळ्यांची आखणी होताना ज्याने पाहिली होती त्याला ही गोष्ट मुळापासून ठाऊक होती.

राप हा केवळ शोभेचा नाही. चांगला, घट्ट बसलेला थर खालच्या धातूचे रक्षण करतो. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व म्हैस अशी चार धातूची शिल्पे जमिनीतून निघाली. त्यांचे एकूण वजन ६० किलोपेक्षा अधिक भरले. हजारो वर्षे मातीत राहूनही त्यांचा आकार शाबूत होता. मात्र सर्वच हिरवा रंग चांगला नसतो. खारट हवेने किंवा मिठाच्या संपर्काने फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो धातूचा रोग समजावा. ती भुकटी पसरत जाते व धातूला खड्डे पाडते.

उत्तर आयुष्य

पुण्याच्या पुतळ्यामुळे करमरकरांची कीर्ती देशभर झाली. अनेक थोर पुरुषांचे पुतळे व अर्धपुतळे त्यांच्या हातून घडले. परंतु त्यांचे मन केवळ राजेमहाराजे व पुढारी यांच्यात रमले नाही. शंख फुंकणारा मनुष्य, कोळीण, गावातील साधी माणसे, घरची जनावरे हे त्यांचे आवडते विषय होते. शंखध्वनी हे त्यांचे शिल्प फार वाखाणले गेले. ब्राँझ महाग पडते म्हणून ते अडून राहिले नाहीत. सिमेंटसारख्या साध्या वस्तूतूनही त्यांनी उत्तम शिल्पे घडविली. ज्या सिमेंटने आज खेडोपाडी देवळांचे सभामंडप उभे राहतात, त्याच सिमेंटला त्यांच्या हाती माणसाच्या कातडीचा मऊपणा आला.

भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. कलकत्ता, लंडन, मुंबई अशी सारी दुनिया पाहिलेल्या या माणसाला आपल्या गावाची ओढ सुटली नाही. सासवणे येथील राहत्या घरी त्यांनी आपली शिल्पे आणून ठेवली. १३ जून १९६७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात ते घर शिल्पसंग्रहालय म्हणून जतन करण्यात आले. अंगणात व खोल्यांत मांडलेली शिल्पे पाहून गावातील माणसेच तेथे बसली आहेत असा भास होतो. अलिबागकडे सहलीस जाणाऱ्यांनी, विशेषतः शाळेच्या सहली नेणाऱ्या गुरुजनांनी, हे ठिकाण अवश्य पाहावे.

आपण काय घ्यावे

थोर पुरुषाचे चरित्र वाचून नुसते हात जोडणे पुरेसे नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी गावातील धातूच्या मूर्ती, मुखवटे, प्रभावळी, समया, घंटा यांचीही उजळणी होते. त्या वेळी श्रद्धेच्या भरात मोठी हानी होण्याचा संभव असतो. चिंच, लिंबू, वाळू व राख यांनी समई व ताम्हण घासावेत, ते रोजच्या वापरातले आहेत. परंतु पूर्वजांनी दिलेल्या जुन्या उत्सवमूर्तीचा न्याय निराळा. प्रत्येक वेळी आंबट लावून खसाखसा घासले म्हणजे धातूचा एक पातळ थर निघून जातो. एका वर्षात काही दिसत नाही. तीन पिढ्यांनंतर नाक बोथट झालेले व डोळ्यांच्या रेघा पुसलेल्या आढळतात. ओताऱ्याने व शिल्पकाराने जे महिनोन्महिने खपून आणले ते आपल्याच हातांनी ओंजळीत धुऊन जाते.

म्हणून जुनी मूर्ती असेल तर अभिषेकानंतर ती स्वच्छ पाण्याने धुवावी, दह्याचा, मधाचा, मिठाचा अंश राहू देऊ नये. मऊ सुती फडक्याने कोरडी करावी. खोबणीत पाणी साचू देऊ नये. चौकातील ब्राँझच्या पुतळ्यांना जयंतीपूर्वी सोनेरी ऑइल पेंट मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे, ती टाळलेली बरी. रंगाचे थर बसून चेहरा बुजतो आणि खाली ओल अडकते. त्याऐवजी धुऊन, वाळवून मेणाचा हात दिला तर थोड्या खर्चात अधिक लाभ होतो. मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी दिसली किंवा तडा आढळला तर गावातच उपाय न करता पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा. जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात दगड, सिमेंट व फरशी यांचे आकडे असतात, तसा या देखभालीसाठीही एक लहानसा आकडा ठेवला तर तो खर्च वाया जाणार नाही.

करमरकरांच्या जीवनातून दिसते ते इतकेच की काम उभे करणे हा अर्धा भाग असून ते घासून, बुजवून, रापवून टिकाऊ करणे हा उरलेला अर्धा भाग आहे. पहिल्या भागास वाजंत्री असते, दुसऱ्यास नसते. मंदिराचा कळस चढला, प्राणप्रतिष्ठा झाली, महाप्रसाद झाला, की गावाचे खरे काम सुरू होते. गच्चीवरील पाणी वेळेवर काढणे, भिंतीवर उगवलेला पिंपळ लहान असतानाच उपटणे, घंटेची कडी तपासणे, मूर्ती जपणे ही ती कामे होत. ज्यांनी तन, मन, धन अर्पण करून या पवित्र कार्यास हातभार लावला त्या सर्व ग्रामस्थांनी व देणगीदारांनी हा दुसरा भागही तितक्याच आस्थेने सांभाळावा. गावातील एखादे पोर देवळाच्या भिंतीवर कोळशाने चित्र काढताना दिसले तर त्यास हुसकून लावण्यापूर्वी ते चित्र क्षणभर थांबून पाहावे.

कै. नानासाहेब करमरकर यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.